झबल्यातला जिना

मानकरांना हाक मारायची तर ती पायाने मारावी लागे. लाकडी जमिनीवर टाच दोनदा आपटायची, की खोलीच्या पार टोकाला नकाशांच्या गुंडाळ्यांत डोकं खुपसून बसलेले मानकर वर बघत. एकदाच आपटली तर बघत नसत. एकदा म्हणजे काहीतरी पडलं असेल, दोनदा म्हणजे माणूस. नोकरीच्या पहिल्या दिवशी हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी दारात उभी राहून "नमस्कार, नमस्कार" करत होते आणि काळ्या टोपीतला हा गृहस्थ माझ्याकडे पाठ करून खुशाल बसलेला. मला वाटलं, झालं, बीडीडी चाळीतली पोर आली म्हणून ह्याने तोंड फिरवलं. माझा स्वभाव तेव्हाही तापटच. मी तावातावाने आत शिरले, टेबलाच्या पायाला ठेचकाळले आणि फायलींचा ढीग खाली कोसळला. मानकर वळले. त्यांनी फायलींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग शेजारची दगडी पाटी ओढून तिच्यावर लिहिलं, 'मी बहिरा आहे. रागावू नका. आधी फायली उचला.'

आमच्या विद्यापीठाचं नाव मी सांगत नाही. त्या वेळचे काहीजण अजून हयात आहेत आणि त्यांचे रुमाल ह्या गोष्टीत यायचे आहेत. विद्यापीठाची मुख्य इमारत कोटात, म्हणजे फोर्टात होती. आमचा दप्तरखाना गिरगावात, एका दुमजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर. खाली परीक्षेच्या प्रश्नपत्रिका छापायचा छापखाना, वर आम्ही. म्हणजे मानकर, बाबी परब नावाचा शिपाई आणि मी. आमच्या घरी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली त्याच्या पुढच्या वर्षी मला ही नोकरी लागली. वडील गिरणीत होते. आमच्या माळ्यावर ऑफिसात जाणारी मी पहिलीच मुलगी, त्यामुळे सकाळी मी निघाले की आई गॅलरीत उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारायची, "कुसुम, हापिसाची किल्ली घेतलीस का?" हापिसाची किल्ली बाबीकडे असायची. आईला ते ठाऊक होतं.

मानकर जुन्या मुंबईकर प्रभू घराण्यातले. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ताप आला आणि कान गेले. हुद्दा ड्राफ्ट्समनचा होता, पण नवे नकाशे त्यांच्याकडून कोणी काढून घेत नसे. जुने सांभाळायचे, मागतील तेव्हा काढून द्यायचे, हे काम. गुंडाळीला हात लावायच्या आधी साबणाने दोनदा हात धुवायचे आणि मग बोटांचा वास घ्यायचा हा त्यांचा नेम. डब्यात बोंबील असले की तिसऱ्यांदा. माझेही हात ते हुंगून बघत आणि नापसंत पडले तर नळाकडे बोट दाखवत. मराठी ओठ त्यांना वाचता येत. इंग्रजी बोलणाऱ्यांबद्दल पाटीवर लिहीत, 'ओठ उघडायला कंजूष.' हसायचे मात्र मोठ्याने, आपला आवाज किती मोठा आहे ह्याचा पत्ता नसलेल्या माणसासारखे, आणि खाली छापखान्यातले लोक दचकायचे.

त्यांचा लाडका शब्द 'पुरावा'. पाटीच्या एका कोपऱ्यात तो प्रश्नचिन्हासकट कायमचा लिहिलेला असे, पुसायचाच नाही. बाबी म्हणाला, आज गिरगावात पापलेट स्वस्त आहे, की पाटी पुढे: 'पुरावा?' मी म्हटलं, काल मला ताप होता, म्हणून आले नाही, की 'पुरावा?' एकदा मी चिडून म्हटलं, "मी जिवंत आहे ह्याचाही देऊ का?" तर त्यांनी हजेरीपट उघडून माझी सही दाखवली आणि समाधानाने मान हलवली.

आता त्या इमारतीच्या जिन्याबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावरूनच झालं. सागवानी जिना. पायऱ्या अशा बेताच्या की म्हातारी माणसंही न थांबता चढत. पण त्याची खरी गंमत निराळी होती. खालच्या पायरीवर कोणी पाय ठेवला, की वर मानकरांच्या खुर्चीखालची फळी बारीक थरथरायची. मला ती फार दिवस जाणवलीच नाही. मानकर मात्र मान वर न करता पाटीवर लिहीत, 'बाबी. चहा दोन हातांत,' आणि खरोखर बाबी दोन्ही हातांत चहा घेऊन यायचा. जिन्याची तुळई आणि वरच्या जमिनीची तुळई एकमेकींत अशी अडकवलेली होती की पावलाचा धक्का सरळ वर पोचावा. ही करामत होती रघुनाथ धोंडू मेस्त्री नावाच्या ड्राफ्ट्समनची. तो स्वतः ठार बहिरा. जिना चढून कोण येतंय हे त्याला कळायला हवं होतं, म्हणून त्याने तसा जिना काढला. मानकरांच्या हातात पहिली पेन्सिल दिली ती ह्याच रघुनाथाने, आणि मानकरांना त्यांचं नावही त्यानेच दिलं.

नाव दिलं म्हणजे काय, तर बहिऱ्यांच्यात प्रत्येकाचं हाताने करायचं एक नाव असतं. ते स्वतःचं स्वतः घेता येत नाही, बाकीच्यांनी द्यावं लागतं आणि एकदा मिळालं की जन्मभर चिकटतं. मानकरांचं नाव म्हणजे कानामागे पेन्सिल खोचल्याची खूण. रघुनाथाचं नाव म्हणजे दोन बोटं मनगटावरून कोपराकडे जिना चढल्यासारखी चढत गेलेली. विद्यापीठाच्या जुन्या हजेरीपटात मात्र रघुनाथ कुठेच नव्हता. तिथे होता 'रघू मुका'. आणि तो एकटा नव्हता. 'मुका', 'मुका नंबर दोन', 'मुका बाइंडर', असे कितीतरी. खालच्या छापखान्यात तर चार कंपोझिटर बहिरे होते, मुद्दाम निवडलेले. प्रश्नपत्रिकेचे खिळे जुळवणारा माणूस बाहेर जाऊन बोलणार नाही, ह्यापरती खात्री कोणती? परीक्षेचं सगळं गुपित ज्यांच्या हवाली होतं त्यांची नावं लिहायची मात्र कोणाला गरज वाटली नव्हती.

मानकरांनी एक वही केली होती. दर रविवारी संध्याकाळी शहरातले बहिरे लोक चौपाटीच्या वाळूत जमत. लालबागहून, माझगावच्या गोदीतून, कुठून कुठून येत. ती सभा बघण्यासारखी असायची. वीस-पंचवीस माणसं एकदम बोलताहेत आणि आवाज फक्त समुद्राचा. उजेड संपला की सभा संपली, कारण अंधारात हात दिसत नाहीत. तिथे बसून मानकर म्हाताऱ्यांना विचारत, अमुक साली बाइंडिंगला कोण होता? मग हजेरीपटातल्या एकेका 'मुक्या'पुढे वहीत पूर्ण नाव, काम, आणि शेजारी त्याच्या खुणेचं सुबक चित्र. ही वही विद्यापीठाच्या दप्तरात रीतसर नोंदली जावी, ह्या एका गोष्टीसाठी हा माणूस निवृत्तीपर्यंतची वर्षं मोजत होता. एकदा ते खुर्चीवरून उठले की वहीची रद्दी होणार हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

त्याच सुमारास विद्यापीठाचा इतिहास लिहायचा ठरला. समिती नेमली गेली आणि तिचे चिटणीस झाले आमचे वरिष्ठ सबनीससाहेब. साहेब माणूस वाईट नव्हता. शुद्ध बोलायचे, शुद्ध लिहायचे आणि घाम फार यायचा, म्हणून हातात सतत रुमाल. मानकरांनी वही त्यांच्यापुढे ठेवली. साहेबांनी चार पानं उलटली.

"मानकर, तुमची कळकळ मी समजू शकतो," साहेब ओठ नीट उघडून म्हणाले. "पण इतिहास म्हणजे हजेरीपट नव्हे. खिळे जुळवले, पुस्तकं बांधली, ठीक आहे. पण विद्यापीठाच्या घडणीत ह्यांचं काय?"

मानकरांनी लिहिलं, 'जिना.'

"तो तर मुख्य इंजिनियरचा. गोऱ्या साहेबाचा. मसुद्यात तसं लिहिलंय आम्ही."

'जिना रघुनाथ मेस्त्रींचा. मूळ नकाशावर त्यांची खूण आहे. मी पाहिली आहे.'

साहेब हसले आणि त्यांनी पाटीच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "पुरावा?"

मानकर हसले नाहीत. समितीची बैठक पावसाळ्यानंतर होती. तोवर नकाशा मिळाला तर मसुदा बदलू आणि वहीही दाखल करून घेऊ, असं साहेबांनी कबूल केलं. ते मात्र मानकरांनी त्यांच्याकडून लिहून घेतलं.

मग आमचं शोधकाम सुरू झालं. माळ्यावर, कपाटांच्या मागे, जिन्याखाली, नकाशांच्या शेकडो गुंडाळ्या. त्या काळचे चांगले नकाशे कागदावर नसत, खळ दिलेल्या तलम कापडावर काढत. ट्रेसिंग क्लॉथ. मानकर एकेक गुंडाळी उलगडत, मी यादी करत असे. बाहेर मुंबई पेटलेली होती. दर आठ दिवसांनी हरताळ, नाहीतर मोर्चा. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" ही घोषणा खिडकीखालून गेली की मानकर छातीवर हात ठेवून उभे राहत. पाटीवर एकदा लिहिलं, 'ऐकू येत नाही. इथे लागतं.' हरताळाच्या दिवशी सगळं बंद, तरी हा माणूस घरून चालत येऊन, बाबीकडून आदल्या दिवशीच मागून घेतलेल्या किल्लीने कुलूप उघडून बसलेला. मी वरळीहून पायी गेले तर उशीर झाला म्हणून रागावलेला.

अशाच एका मोर्च्यात छापखान्यातला शांताराम घाडी सापडला. चार बहिऱ्या कंपोझिटरांतला सगळ्यात धाकटा, परळला राहायचा. घोषणा देता येत नाही म्हणून हाताने छापलेला फलक घेऊन सगळ्यांच्या पुढे चालायचा. पोलिसांनी पांगा म्हणून ओरडून सांगितलं. शांतारामची त्यांच्याकडे पाठ होती. लाठी डोक्यात बसली. दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही, तेव्हा मानकरांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही हॉस्पिटलं पालथी घालायला निघालो. दुसऱ्याच हॉस्पिटलात तो मिळाला. डोक्याला पट्टी, शुद्ध हरपलेली. नोंदवहीत लिहिलेलं होतं, 'मुका. पत्ता नाही.'

मानकरांनी त्या नोंदवहीवर पंजा ठेवला. कारकून पान उलटायला लागला, पंजा हलेना. दुसऱ्या हाताने पाटीवर, 'नाव लिहा. शांताराम बाळू घाडी.'

"अहो, काय चाललंय?" कारकून वैतागून मला म्हणाला. "इकडे माणसं स्ट्रेचरवर पडलीयत, आणि हे नाव काय घेऊन बसले? बरा झाला की लिहू ना."

मानकरांनी त्याचे ओठ वाचले होते. त्यांनी पाटी पुसून लिहिलं, 'ह्याची आई विचारायला आली, तर तुम्ही काय सांगाल?'

कारकुनाचा चेहरा उतरला. सकाळीच एक बाई येऊन गेली होती. घाडी नावाचा कोणी आहे का विचारत होती, आणि ह्यानेच वही बघून नाही म्हणून सांगितलं होतं. त्याने मुकाट्याने 'मुका' खोडलं आणि नाव लिहिलं. आम्ही परळला जाऊन त्या माऊलीला घेऊन आलो. शांताराम चौथ्या दिवशी शुद्धीवर आला. त्याला भेटून परत येताना मानकर रस्त्यात एकदम थांबले आणि त्यांनी मला लिहून दाखवलं, 'आता कळलं वही कशाला?' मला ते आधी नीट कळलं नव्हतं हे त्यांना माहीत होतं. मला लाज वाटली.

दसरा जवळ आला आणि ती गुंडाळी सापडली. वर चिठ्ठी: 'गिरगाव इमारत, एकूण तुकडे सहा.' मानकर नळाकडे गेले. तिसऱ्यांदा हात धुतले, बोंबील नसताना. एकेक तुकडा मी टेबलावर पसरत गेले. पाया, दर्शनी भाग, छप्पर, खिडक्या, जोती. पाच. सहावा नव्हता. जिन्याचाच नव्हता.

मानकरांनी तीनदा मोजले. मी मात्र त्या कापडाच्या कडेकडे बघत होते. कडेला निळा दोरा विणलेला होता, फार थोड्या गुंडाळ्यांना असायचा तसा. तो निळा दोरा मी कुठे पाहिला होता ते मला आठवलं.

नोकरी लागून महिना झाला असेल नसेल. बाबी परबने पायऱ्यांसारख्या रेघांचा एक तुकडा घडी करून माझ्या पिशवीत कोंबला होता. "बाय, ह्यां कापड घराक घेवन जा. सोड्यात उकळलंस काय लोण्यासारख्यां मऊ होता. लाजू नको गो, सायबाचे रुमालसुद्दा ह्येचेच आसत." तो दप्तरखान्याचा जुना रिवाजच होता, मानकरांच्या पाठीमागे चालणारा. जुन्या नकाशांची खळ घालवायची आणि त्याचे रुमाल, पंचे, बाळंतविडे करायचे. कापड इतकं तलम, बाजारात मिळायचं नाही. माझ्या थोरल्या बहिणीला, सुमनला, तेव्हाच मुलगी झाली होती. मी तो तुकडा सोड्यात उकळला, निळीत बुडवला आणि हाताने झबलं शिवलं. चाळीत सगळ्यांनी माझ्या शिवणीचं कौतुक केलं होतं.

गप्प बसले असते तर जगात कोणाला कळलं नसतं. बाबी बोलणार नव्हता. आणि सांगितलं तर विद्यापीठाची मालमत्ता नष्ट केली म्हणून नोकरी जाणार, आई गॅलरीतून किल्लीचं विचारायची थांबणार. मी बराच वेळ खिडकीपाशी उभी राहिले. मग वळले आणि टाच दोनदा आपटली.

मी सांगत असताना मानकर माझ्या ओठांकडे बघत होते. सगळं सांगून झालं तरी बघत राहिले. मला वाटलं, आता पाटी फेकतील. त्यांनी डोळे मिटून घेतले. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की त्याच्याशी काहीच बोलता येत नाही. मी रडत उभी राहिले. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले, टोपी घातली आणि लिहिलं, 'झबलं कुठे आहे?'

त्याच संध्याकाळी मानकर आमच्या चाळीत आले. आईची तारांबळ उडाली. "झबलं व्हय? ते सुमीच्या पोरीनं घातलं, मग खालच्या माळ्यावरच्या तान्हीला दिलं, मग तिथनं..." झबलं पाच तान्ह्या पोरांच्या अंगावरून फिरत पलीकडच्या चाळीत पोचलं होतं. आम्ही सगळे त्याच्या मागे. शेवटच्या घरी ते दोरीवर वाळत होतं. मानकरांनी तिथल्या नळावर हात धुतले, हुंगले आणि झबलं दोन्ही हातांत धरून दिव्यासमोर नेलं. पाठीवर पुसट करड्या रेघा होत्या, एकावर एक. नीट बघितलं तर पायऱ्या. खूण कुठेच दिसेना. मानकरांनी खालची दुमड चाचपली आणि माझ्याकडे बघितलं. मी कात्री मागून घेतली आणि माझीच शिवण टाका-टाका करून उसवली. दुमडीच्या आत धुण्याचा हात फारसा पोचला नव्हता. तिथे कापडाचा मूळ कोपरा होता, आणि कोपऱ्यात शाईने काढलेला एक छोटा हात. दोन बोटं पायरी चढणारी.

मानकर जे हसले, ते अख्ख्या चाळीने ऐकलं. दारादारातून माणसं बाहेर आली. आईने त्यांच्यापुढे चहा ठेवला. आमच्या घरचा चहा घेणारा तो पहिला वरच्या आळीतला माणूस. त्याने दोन कप घेतले आणि हाताने खूण करून आईच्या चहाला दाद दिली.

बैठकीच्या आदल्या दिवशी मानकरांनी मला लिहून दाखवलं. नुसतं झबलं चालणार नाही. ते कुठून आलं हे सांगणारं कोणीतरी हवं, नाहीतर कोणीही म्हणेल की खूण काल काढली. 'सही तुमची लागेल. जबरदस्ती नाही.' एवढंच. मला रात्रभर झोप नव्हती. सकाळी मी जबाब टाइप केला, सदर नकाशा मी स्वतःच्या हाताने उकळून धुतला, आणि खाली पूर्ण नाव घातलं. कुसुम लक्ष्मण जाधव.

समितीत चार माणसं आणि सबनीससाहेब. पांढऱ्या कागदावर मी ते झबलं मांडलं आणि जबाब वाचला. एक सभासद हसायलाच लागला.

"सबनीस, आता आपण तान्ह्या पोरांच्या कपड्यांवरून इतिहास लिहायचा का?"

"हा गंभीर प्रकार आहे," साहेब माझ्याकडे बघत म्हणाले. "विद्यापीठाचा मूळ नकाशा उकळून धुतला! जाधवबाई, ह्याचा अर्थ कळतो का तुम्हाला?" आणि त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

मानकर उठले. त्यांनी पाटीवर लिहिलं, सावकाश, मोठ्या अक्षरांत, आणि पाटी सगळ्यांना दिसेल अशी धरली. 'साहेब, रुमाल उजेडात धरा.'

साहेबांनी न कळून हातातला रुमाल खिडकीकडे धरला. मऊसूत, तलम, कडेला निळा दोरा. मधोमध, अगदी फिकट, कुठल्यातरी इमारतीच्या खिडकीची कमान.

मघाचा हसणारा सभासद आपल्या खिशाकडे बघत होता. मला वाटलं, आता साहेब भडकणार. साहेबांनी रुमालाची घडी घातली, परत उलगडली, परत घातली. मग तो झबल्याशेजारी ठेवला आणि म्हणाले, "बाई, ह्यालाही नंबर द्या." त्या दिवसापासून साहेबांबद्दल मी कोणाला वाईट बोलू दिलं नाही.

वही दाखल झाली. झबल्याला आवक क्रमांक पडला आणि आवक नोंदवहीत मानकरांनी आपल्या ठाशीव अक्षरात लिहिलं, 'जिन्याचा मूळ नकाशा. तुकडा सहावा. स्थिती: धुतलेली, शिवलेली.' छापील इतिहासात गोऱ्या साहेबाचं नाव गेलं आणि रघुनाथ धोंडू मेस्त्री आले. एकच ओळ, पण पूर्ण नावाची. माझ्या सर्व्हिस बुकात लेखी ताकीद चिकटली. ती अजून असेल. मानकरांनी आभार वगैरे मानले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला दहा मिनिटं उशीर झाला तर पाटी पुढे आली: 'पुरावा?'

महाराष्ट्र झाला. मुंबई आपल्याकडे राहिली, शांतारामने पेढे वाटले. पुढच्याच वर्षी आमची इमारत पाडायची ठरली आणि दप्तर नव्या जागी गेलं. तिथे सिमेंटची जमीन. पहिल्या दिवशी मी सवयीने टाच दोनदा आपटली आणि मानकर पाठमोरे तसेच बसून राहिले. मला जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवावा लागला. ते इतके दचकले की मी परत तसं केलं नाही, समोरून फिरून जायची. थोड्याच महिन्यांत ते निवृत्त झाले. जिना तोवर कोणाच्या तरी चुलीत गेला होता.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. लग्न होऊन मुलगी चार वर्षांची झाली होती, तिला घेऊन रविवारी चौपाटीवर गेले होते. दिवस मावळायला आला होता. वाळूत ती सभा बसलेली, मध्ये काळी टोपी. मी धावत गेले आणि वेड्यासारखी त्यांच्या पाठीमागे उभी राहून वाळूत टाच आपटली, दोनदा. वाळूत काय पोचणार? शांतारामने मला पाहिलं आणि मानकरांचा गुडघा हलवला. ते वळले. खूप वाळले होते. त्यांनी मला ओळखलं, दोन्ही मुठी एकमेकींजवळ आणल्या आणि उलट्या दिशांना फिरवल्या, कपडा पिळल्यासारख्या. लगेच सगळ्या वर्तुळाने माझ्याकडे बघून तेच केलं. वीस माणसं, चाळीस मुठी.

मला काही कळेना. शांतारामने पिशवीतून एक वही काढली. पहिली वही दप्तरात होती, ही दुसरी. पान उघडून माझ्यापुढे धरलं. 'कुसुम लक्ष्मण जाधव. लेखनिक, दप्तरखाना.' शेजारी पेन्सिलीने दोन हात, कपडा पिळणारे. खाली तारीख होती समितीच्या बैठकीच्या दुसऱ्या दिवसाची. इतकी वर्षं हे लोक मला ह्या नावाने ओळखत होते आणि मला पत्ता नव्हता. ऐकू येणारं माणूस त्या वहीत मी एकटीच.

डोळे भरून आले तरी खोड जाईना. मी त्यांची पाटी घेतली आणि लिहिलं, 'पुरावा?'

मानकरांनी पाटी माझ्या हातातून घेतली आणि क्षणभरही न थांबता झबल्याचा आवक क्रमांक लिहिला. मग हसले, तसेच मोठ्याने. भेळवाले वळून बघायला लागले. उजेड संपत आला होता, सगळे उठून वाळू झटकत होते.

घरी जाताना बसमध्ये मुलगी खिडकीतून बाहेर बघत होती. माझ्याकडे कोणाचं लक्ष नाही असं बघून मी दोन्ही मुठी मांडीवर घेतल्या आणि माझं नाव एकदा करून पाहिलं.